समोरचा सोफा

घरातली फरशी बदलायची हे ठरवताना तिने सगळ्या गोष्टींचा विचार केला होता. रंग, डाग, पाणी सांडलं तर पाय घसरेल का, झाडायला सोपी पडेल का. फक्त एवढंच डोक्यात आलं नव्हतं, की जुनी फरशी उखडायची म्हणजे तिच्यावर इतकी वर्षं पाय रोवून उभा असलेला संसार आधी कुठेतरी उचलून न्यावा लागतो. आणि तिच्या संसाराला पाय फार होते.

ती गाडी शिकवायची. नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, अजिबात आवाज न चढवता सांगायची, "हळू. तो खांब हलणार नाहीये, वळायचं आपल्यालाच आहे." भल्याभल्यांनी फुटपाथवर गाडी चढवली, एकाने तर फळांच्या गाडीला मिठी मारली, पण ती कधी डगमगली नाही. या धंद्याने तिला एकच खोड लावून ठेवली होती. कुठलीही गोष्ट हाताबाहेर जायला लागली, की ती जिथे असेल तिथे तिचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायला लागायचा.

फरशीवाला आला त्या दिवसापासून तो पाय वर उचललाच गेला नाही.

फरशीवाला मोठा आनंदी माणूस होता. कशालाही त्याचं एकच उत्तर असायचं, "मॅडम, टेन्शन घेऊ नका." आधी त्याने झोपायच्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. सगळं हॉलमध्ये आलं. मग स्वयंपाकघर. तेही हॉलमध्ये आलं. कपाटावर गाद्या, गाद्यांवर खुर्च्या, खुर्च्यांच्या पायांमध्ये पातेली, अशी रास छतापर्यंत गेली. फ्रिज आणि कपाट यांच्यामधून एक बोळ तेवढा उरला, तोही अंग चोरून जाण्यापुरता. बोळाच्या शेवटी, मोकळ्या राहिलेल्या चौकोनात, आरामखुर्चीत तिचे सासरे बसलेले असायचे. त्यांच्यापर्यंत चहा पोचवायचा तर या हातातून त्या हातात असा द्यावा लागे. पलीकडून त्यांचा आवाज यायचा, "अगं, साखर विसरलीस," आणि मग साखरेचा डबा त्याच मार्गाने निघायचा.

कशाचा कशाला पत्ता नव्हता. चष्मा सापडला तर चपला सापडत नव्हत्या. मोबाईल वाजायचा, पण नेमका कुठल्या गादीखाली ते कळेपर्यंत थांबून जायचा. लेक दातांची डॉक्टर व्हायला शिकत होती, त्यामुळे घरात प्लास्टरचे जबडे असायचेच. एरवी ते गुण्यागोविंदाने एका फळीवर बसायचे. आता ते घरभर पांगले. एक मिक्सरच्या भांड्यात निघाला, एक सासऱ्यांच्या कानटोपीत. फरशीवाल्याने सिमेंट कालवताना घमेल्यात हात घातला तेव्हा त्याच्या हाताला खालचा जबडा लागला. त्या दिवशी तो अर्ध्या दिवसातच घरी गेला, आणि टेन्शनबद्दल काही बोलला नाही.

"किती दिवस चालणार हे?" ती नवऱ्याला विचारायची.

नवरा हवामान खात्यात होता. "या आठवड्याच्या अखेरीस काम आटोपण्याची दाट शक्यता आहे," तो म्हणायचा. "तुरळक ठिकाणी दिरंगाई होऊ शकते."

पुढच्या आठवड्यात फरशीवाल्याने बोळात उभं राहून चौफेर नजर टाकली आणि सांगितलं, "मॅडम, आता हॉल रिकामा करून द्या."

"कधी?"

"आत्ता."

"आणि हे सगळं कुठे नेऊ?"

"तुम्ही टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला, आणि चहा प्यायला निघून गेला.

तिचा पाय इतक्या जोरात दाबला गेला की खालची सैल झालेली फरशी टचकन वाजली.

त्यांच्या दारासमोर, त्याच मजल्यावर आणखी एक दार होतं. तिथे एक निवृत्त गृहस्थ एकटेच राहायचे. घरात त्यांना सगळे 'समोरचे' म्हणत. इतक्या वर्षांत त्यांच्याशी बोलणं झालं ते "पाणी आलं का?" आणि "लिफ्ट बंद आहे वाटतं" एवढंच. तिने पदर खोचून त्यांची बेल वाजवली.

"काका, एक विनंती होती. दोन-चार दिवस आमचा सोफा तुमच्याकडे ठेवला तर चालेल का?"

समोरचे बाहेर आले. तिच्या हॉलच्या दारातून त्यांनी सोफ्याकडे बराच वेळ पाहिलं. वाकून पाहिलं, मान तिरपी करून पाहिलं, एक डोळा मिटूनही पाहिलं.

"प्रयोग किती?" त्यांनी विचारलं.

आपल्या ऐकण्यात चूक झाली असं समजून ती म्हणाली, "फार नाही. दोन-चारच दिवस."

"चालेल," ते म्हणाले. "आणा."

त्यांच्या घरात पाऊल टाकलं आणि ती थबकलीच. घर नुसतं रिकामं. एक खुर्ची, एक टेबल, आतल्या खोलीत एक पलंग. भिंतीवर साधा खिळादेखील नाही. तिच्या चेहऱ्यावरचा प्रश्न वाचून समोरचे म्हणाले, "जन्मभर नाटक कंपनीत सेट लावले मी. रोज दुसऱ्यांचे दिवाणखाने मांडायचे आणि पडदा पडला की मोडायचे. घरी आल्यावर कपाट दिसलं तरी अंगावर काटा यायचा. म्हणून एक खुर्ची ठेवली."

ते सगळं सहज सांगत होते, पण त्यांची नजर सोफ्यावरून हटत नव्हती.

गाद्या, खुर्च्या, फ्रिज हे सगळं तयार झालेल्या झोपायच्या खोल्यांत कोंबलं. सोफा समोर गेला. सोफ्यामागून टीव्ही गेला, कारण धूळ. टीव्हीमागून पुस्तकांचं कपाट, दिवा, बुटकं टेबल, गालिचा, स्वयंपाकघरातली खोकी आणि शेवटी आरामखुर्ची गेली. आरामखुर्ची सासऱ्यांसकटच गेली, कारण ते उठायला तयार नव्हते. दारातून जाताना त्यांनी दोन्ही बाजूंना हात जोडले.

दिवसभर ती कामावर होती. संध्याकाळी परत आली, अंगावरचा घाम पुसत समोर डोकावली आणि क्षणभर तिला आपण चुकून भलत्याच मजल्यावर उतरलो असं वाटलं.

हॉल तिचाच होता, पण तो असा कधी दिसला नव्हता. सोफा भिंतीला चिकटून न ठेवता जरा तिरका ठेवलेला. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला उभा दिवा त्याच्यामागे लागलेला. पुस्तकं उंचीप्रमाणे उभी. खिडकीशी आरामखुर्ची, आणि तिच्यात सासरे, अशा बेताने बसवलेले की उजेड एका गालावर पडावा. घरी ते नुसते बसलेले दिसायचे. इथे काहीतरी गहन विचार करत असल्यासारखे दिसत होते. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी हनुवटीखाली बोट धरलं होतं.

सोफ्यावर नवरा आणि लेक बसली होती. दोघंही समोरच्या भिंतीकडे तोंड करून.

"असे का बसलात?"

"प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही," नवरा मान न वळवता म्हणाला.

"कोण प्रेक्षक?"

समोरच्यांनी भिंतीकडे हात केला. त्या भिंतीपलीकडे जिना होता आणि जिन्यापलीकडे पाण्याची टाकी. पण त्यांनी हात असा काही केला की तिने नकळत केस नीट केले आणि रांगेत जाऊन बसली.

तेव्हापासून घरचे संध्याकाळी समोरच सापडू लागले. आधी नवरा मॅच बघायला जायचा. मग लेक अभ्यासाला जाऊ लागली, जबडे घेऊन. समोरच्यांनी ते जबडे पुस्तकांच्या कपाटात असे मांडले की बघणाऱ्याला त्या कुणीतरी हौसेने जमवलेल्या वस्तू वाटाव्यात. सासरे तर आंघोळीपुरतेच घरी येत, आणि तेही "लवकर करा, माझी जागा जाईल" असं म्हणत.

गंमत म्हणजे त्या ओळीत बसून माणसं बोलायला लागली. हे तिला गाडीतून माहीत होतं. दोघंही समोर बघत असली की शिकाऊ माणूस रस्त्याकडे डोळे लावून काय वाटेल ते सांगून टाकतो. तसंच एका संध्याकाळी लेकीने भिंतीकडे बघत सांगितलं की पहिल्यांदा खरा दात काढताना तिला भोवळ आली, आणि पेशंटनेच तिला खुर्चीत बसवून पाणी पाजलं. एरवी यावरून घरात दोन दिवस भाषणं झाली असती. इथे सगळे भिंतीकडेच बघत राहिले. थोड्या वेळाने सासरे म्हणाले, "पेशंट चांगला होता."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तिची गोष्ट वेगळी होती. फरशीवाल्याशी डोकं फोडायचं तिने, सांधे सरळ आहेत का बघायचे तिने, वाळूची पोती मोजून घ्यायची तिने. दिवसभर क्लच आणि गिअर, संध्याकाळी सिमेंट आणि भुकटी. आणि घरच्यांनी समोर पाय पसरून बसायचं. बरं, आपण जावं तर आपल्यालाच बेल वाजवावी लागायची.

"चपला बाहेर," समोरचे दारातच म्हणायचे. "आणि जरा झटकून या."

मग तिने बाहेर उभं राहून सतरंजीसारखं स्वतःला झटकायचं आणि आत जायचं. ते चहा आणायचे. पहिल्या दिवशी तिने कप पाहिले आणि लगेच ओळखले. सोनेरी काठाचे ते कप तिने लग्नापासून खास पाहुण्यांसाठी ठेवले होते. तितके खास पाहुणे अजून आलेच नव्हते.

"काका, हे कप कुठे मिळाले तुम्हाला?"

"त्या खोक्यात. वर 'जपून' असं लिहिलं होतं. म्हणून जपूनच वापरतोय."

"चहा छान झालाय," ती म्हणाली, आणि स्वतःच्या कपातून, स्वतःच्या साखरेचा चहा पाहुणीसारखा प्यायली.

ठिणगी पडली ती बुटक्या टेबलावरून. त्या दिवशी एका शिकाऊ गृहस्थाने तिला गल्लीबोळांतून उलटं फिरवलं होतं, आणि घरी आल्यावर कळलं की फरशीवाल्याने मोरीच्या फरश्या स्वयंपाकघरात लावल्यात. ती समोर गेली, अंग झटकून सोफ्यावर बसली आणि पाय ठेवायला बुटकं टेबल जवळ ओढलं.

समोरचे उठले आणि त्यांनी ते मूळ जागी सरकवलं. तेव्हा तिला दिसलं की टेबलाच्या चारही पायांखाली जमिनीवर खडूच्या खुणा होत्या. सोफ्याखालीही होत्या. आरामखुर्चीखालीही.

तिने टेबल परत ओढलं. त्यांनी परत सरकवलं. नवरा, लेक आणि सासरे प्रेक्षकांकडे बघत होते. तिसऱ्यांदा ओढल्यावर ती आपल्या त्या ठेवणीतल्या शांत आवाजात म्हणाली, "काका, हे टेबल माझं आहे."

"तेच तर म्हणतोय मी," समोरचे तितक्याच शांतपणे म्हणाले. "तुमचं आहे, तर जागेवर नको का?"

तिचा उजवा पाय गालिच्यात रुतला. ती उठली, कप ठेवला, जपूनच ठेवला, आणि दारात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रविवारी सगळं सामान परत यायचं. काम झालेलं असो की नसो."

घरी येऊन ती सिमेंटच्या पोत्यावर बसून राहिली. मागोमाग नवरा आला. त्याने वातावरणाचा अंदाज घेतला, काही भाकीत न करता काढता पाय घेतला आणि पुन्हा समोर गेला.

का कुणास ठाऊक, पण फरशीवाल्याने खरंच मनावर घेतलं. रविवार उजाडला तेव्हा काम झालं होतं. मोरीच्या फरश्या मोरीत होत्या, नवी फरशी चकचकत होती, दारालाही नवी भक्कम चौकट बसली होती. तिने सगळं घर अनवाणी फिरून पाहिलं. समाधान वाटलं, पण ते कुणाला दाखवायचं नाही असं ठरवून ती समोर गेली.

दार उघडंच होतं. आतलं सगळं सामान बांधून, ओळीने, दाराकडे तोंड करून उभं होतं. आधी काय न्यायचं, मागून काय, अशा क्रमाने. गालिचा गुंडाळलेला, दिव्याची वायर बांधलेली, कप खोक्यात, जबडे एका पिशवीत. खडूच्या खुणाही पुसून टाकलेल्या. मागे भिंतीशी त्यांची ती एकटी खुर्ची होती आणि तिच्याजवळ समोरचे बाह्या दुमडून उभे होते.

"केव्हा केलंत हे सगळं?"

"सकाळी. सवय आहे," ते म्हणाले. "शेवटचा प्रयोग आधी सांगितला असतात तर दिवा जरा हळूहळू मंद केला असता. असो."

तिला एकदम अपराध्यासारखं झालं. पण रविवार म्हणजे रविवार असं आपणच सर्वांदेखत म्हणून बसल्यावर माघार कशी घ्यायची? तिने पुस्तकांच्या कपाटाला हात घातला.

छोटं सामान सरळ गेलं. सोफा मात्र दारात अडकला. जुन्या फरशीपेक्षा नवी उंच झाली होती आणि जुन्या चौकटीपेक्षा नवी जाड. सोफा आडवा घातला, उभा घातला, तिरका घातला. शेवटी तो अर्धा आत आणि अर्धा जिन्याच्या मोकळ्या जागेत असा पक्का बसला. नवरा आत अडकला. फरशीवाला, समोरचे आणि ती बाहेर. सासऱ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग बाहेरच्या अर्ध्या भागावर बैठक मारली.

"आत शिरण्याची शक्यता कितपत आहे?" तिने दाराच्या फटीतून विचारलं.

"नगण्य," आतून नवऱ्याचा आवाज आला.

वरच्या मजल्यावरचा एक जण कुत्र्याला घेऊन खाली येत होता. त्याला जायला वाट नव्हती. त्याने सोफ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, कुत्र्याला उचललं आणि सोफ्यावर पाय दिला.

"पाय पुसून," समोरचे म्हणाले.

त्याने मुकाट्याने पाय पुसले, सोफा ओलांडला आणि सासऱ्यांना नमस्कार करून गेला.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," फरशीवाला म्हणाला. "चौकट काढून टाकतो. परत बसवायला काय, एक आठवडा." आणि त्याने लगेच छिन्नी उचलली.

एक आठवडा. तिच्या डोळ्यांसमोरून ती रास, तो बोळ, ते घमेलं असं सगळं सर्रकन गेलं. तिने मान वळवली. समोरचे सोफ्याच्या पाठीवरची धूळ हाताने झटकत होते. कुणी बघतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"छिन्नी खाली ठेवा," ती म्हणाली. मग खांदे सरळ करून तिने तो आवाज काढला, जो ऐकून भल्याभल्यांचे पाय ब्रेकवर जात. "सगळे ऐका. आपण रिव्हर्स घेतोय. बाबा, उठू नका, तोल राहील. काका, तुमची बाजू थोडी वर. आतून हळू ढकल. हळू म्हटलं मी. डावीकडे. दुसरी डावी. मागे बघा काका, मागे तुमचं दार आहे. येऊ द्या. येऊ द्या. बास."

सोफा सासऱ्यांसह उलटा फिरून थेट समोरच्यांच्या घरात जाऊन उभा राहिला. समोरच्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला. तो त्यांनी फेकला नव्हता, हे तिने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"एकटा सोफा बरा नाही दिसणार," ते घसा खाकरून म्हणाले. "कशाकडे तोंड करून ठेवायचा तो?"

"टीव्ही राहू दे मग," ती म्हणाली.

"टीव्ही तिकडे असेल तर मी इकडे काय करू?" सासरे म्हणाले. त्यामुळे आरामखुर्चीही परत गेली. दिव्याशिवाय सासऱ्यांचा गाल उजळेना, म्हणून दिवा गेला, आणि मागोमाग गालिचा आणि बुटकं टेबल. लेकीने जबड्यांची पिशवी उचलली आणि कुणी काही विचारायच्या आत आईच्या नजरेसमोरून पलीकडे गेली. फरशीवाल्याने हात धुतले आणि तोही जाऊन ओळीत बसला, कारण चहा तिकडे होत होता.

"एकच अट आहे, काका," ती त्यांच्या दारात उभी राहून म्हणाली. "ते टेबल."

समोरच्यांनी खूप विचार केला. मग गुडघ्यावर बसून जुन्या जागेपासून वीतभर अलीकडे, सोफ्याच्या दिशेने, नवीन खुणा केल्या. "इतकंच," ते म्हणाले. "यापुढे प्रवेश बिघडेल."

तिने बसून पाय ठेवून पाहिले. टाचा पोचत होत्या. "चालेल," ती म्हणाली.

मग ती उठून घरी आली आणि दार लोटून घेतलं. हॉलमध्ये आता पुस्तकांचं कपाट तेवढं होतं, तेही एका कोपऱ्यात. बाकी नुसती फरशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कुठेही न अडखळता, कशालाही न धडकता ती मधोमध चालत गेली आणि तिथेच आडवी झाली. पाठीला गार लागत होतं. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, सासरे कुणाला तरी समजावत होते, आणि हे सगळं दुसऱ्याच्या घरात चाललं होतं. तिने हातपाय पसरले. उजवा पाय सैल पडला होता.

दार किलकिलं झालं. नवरा आत आला, चपला काढून, अंग झटकून, आणि हॉलच्या काठाशी अवघडून उभा राहिला. बसायला काहीच नव्हतं.

"कुठे बसू?" त्याने विचारलं.

"समोर," ती डोळे न उघडता म्हणाली.

तो आला आणि तिच्या समोरच फरशीवर मांडी घालून बसला.

तिला खरं तर पलीकडे म्हणायचं होतं. पण तिने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला. असू दे, जागा पुष्कळ होती.